ओरल फूड चॅलेंज: पहिल्या थेंबाआधीची तयारी

सांगलीतल्या एका ॲलर्जी ओपीडीत मी सिस्टर आहे. ओरल फूड चॅलेंज म्हणजे ज्या पदार्थाच्या ॲलर्जीचा संशय आहे तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडा-थोडा वाढवत खायला देऊन बघणं. नवीन मुली रुजू झाल्या की पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, ज्याची ॲलर्जी आहे तेच पोराला खायला द्यायचं?" हो, तेच. रक्ताचा किंवा त्वचेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. नुसत्या रिपोर्टवरून ज्या घरांत दोन-दोन वर्षं भाजीत दाण्याचं कूट पडलेलं नाही, अशी मुलं आमच्याकडे येतात, आणि त्यातली काही शेंगदाणे आरामात खातात. ते कळण्याचा खात्रीचा मार्ग हाच. पण घरी करून बघायचा नाही.

काम आदल्या आठवड्यात फोनवर सुरू होतं. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची औषधं साधारण 5 ते 7 दिवस बंद हवीत, नाहीतर सुरुवातीची लक्षणं झाकली जातात. "औषध दिलंय का?" असं विचारू नका. आई "नाही" म्हणते आणि पिशवीत सर्दीचं सिरप असतं. सर्दीचं सिरप तिच्या लेखी औषधच नाही. घरातल्या प्रत्येक बाटलीचं नाव वाचून घ्या. मूल आल्यावर ताप, छातीत घरघर किंवा अंगावर आधीच गांधी असतील तर त्या दिवशी चॅलेंज नाही. लोक खेड्यातून एसटीने आलेले असतात, परत पाठवताना वाईट वाटतं. तरी पाठवायचं.

मूल आलं की आधी वजन. मागच्या केसपेपरवरचं नाही, आजचं. त्यावरून ॲड्रेनॅलिनचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत आधी द्यायच्या इंजेक्शनचा, डोस काढून फळ्यावर लिहायचा. 1 मिलीत 1 मिलिग्रॅमची ॲम्प्यूल असते. डोस किलोला 0.01 मिलिग्रॅम, मुलांत जास्तीत जास्त 0.3. 14 किलोच्या मुलाला 0.14 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ट्रेमध्ये ॲम्प्यूल, 1 मिलीची सिरिंज, सुई. शेजारी ऑक्सिजन, नेब्युलायझर, सलाईन, पल्स ऑक्सिमीटर, मुलाच्या मापाचा बीपी कफ. डॉक्टर इमारतीत नसतील तर पहिला थेंबही नाही.

दुधाच्या ॲलर्जीचं चॅलेंज असेल तर टप्पे आम्ही असे ठेवतो: 0.1 मिली, मग 0.3, 1, 3, 10, 30 आणि शेवटी 90. मध्ये वीस-वीस मिनिटं. दूध गाईचंच, मोजून. "म्हशीचं देतो ना आम्ही, ते चालतं का?" हा प्रश्न इथे रोजचा, दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर म्हशीचं सुरक्षित मानायचं नाही. शेवटच्या डोसनंतर निदान दोन तास बसवून ठेवायचं. एसटीची वेळ झाली म्हणून अर्धा तास आधी सोडायचं नाही.

आता लक्ष कुठे ठेवायचं ते. मॉनिटरकडे बघाच, पण त्याआधी मुलाकडे बघा. तासगावकडचा एक साडेतीन वर्षांचा मुलगा चार डोस हसत प्याला. 10 मिलीनंतर त्याने हातातली गाडी खाली ठेवली, आईच्या कुशीत शिरला आणि कान चोळायला लागला. मॉनिटरवर सगळं ठीक होतं. मी शर्ट वर केला, पोटावर दोन गांधी. डॉक्टर मॅडमना हाक मारेपर्यंत खोकल्याची उबळ सुरू झाली. तोंडाभोवती दूध सांडून आलेली लाली वेगळी. त्वचा आणि श्वास दोन्ही एकदम बिघडले की ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी. मॅडमनी सांगितलं आणि मी ॲड्रेनॅलिन 0.14 मिली दिलं. खोकला होता म्हणून आईच्या मांडीवर टेकून बसवलं, ऑक्सिजन लावला, 108 ला फोन गेला. काही मिनिटांत खोकला थांबला. थांबला नसता तर 5 मिनिटांनी पुन्हा द्यायची तयारी ठेवली होती. काही तासांनी लक्षणं परत उलटू शकतात, म्हणून त्याला हॉस्पिटलात देखरेखीखाली ठेवलं.

एवढ्या लगेच ॲड्रेनॅलिन का, असं नवीन मुली विचारतात. माझ्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, अशाच मुलाला आम्ही आधी ॲव्हिल हे ॲलर्जीचं औषध दिलं, मग स्टिरॉइड, आणि हृदयावर ताण येईल या भीतीने ॲड्रेनॅलिनला थांबलो. मूल वाचलं, पण त्याचे निळे पडलेले ओठ मला अजून दिसतात. ॲव्हिलने खाज कमी होते, श्वासनलिका उघडत नाही. योग्य डोस मांडीत देण्यात जेवढा धोका आहे त्याच्या कितीतरी पट धोका वाट बघण्यात आहे.

चॅलेंज पास झालं तर घरच्यांना बजावून सांगा: तो पदार्थ आता नेहमीच्या जेवणात ठेवा. घाबरून पुन्हा बंद करणारी घरं मी पाहिलीत.

त्या मुलाची आई मला विचारत होती, "माझ्यामुळे झालं का?" तुमच्यामुळे नाही, म्हटलं, किती दुधाला काय होतं ते आता आपल्याला माहीत झालं. पुढच्या भेटीत मॅडमनी तिला घरी ठेवायला ॲम्प्यूल आणि सिरिंज लिहून दिली. सलाईनची ॲम्प्यूल फोडून मी तिला भरायला बसवलं. पहिल्यांदा हवा राहिली, दुसऱ्यांदा जास्त ओढलं गेलं. तिसऱ्यांदा ती 0.14 च्या रेघेवर बरोबर थांबली.