लक्स डिस्कची रिकव्हरी की नाकारली जाते तेव्हा
लक्स ही लिनक्सवर डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करण्याची पद्धत आहे आणि रिकव्हरी की म्हणजे अशी डिस्क उघडण्याची राखीव किल्ली. ही की नाकारली गेली म्हणजे माहिती गेली, असे समजून डिस्क फॉरमॅट करण्याची घाई कृपया करू नये. प्रथम लाइव्ह यूएसबीवरून (थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने) संगणक सुरू करून ‘क्रिप्टसेटअप’ या लक्स हाताळणाऱ्या साधनाच्या ‘लक्सडंप’ आदेशाने योग्य विभाजन (पार्टिशन) निवडले आहे ना आणि त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहिती-भागात, कोणते की-स्लॉट (कींसाठीचे कप्पे) भरलेले आहेत, हे पाहावे. लक्स १ मध्ये असे ८, तर लक्स २ मध्ये जास्तीत जास्त ३२ स्लॉट असतात.

त्यानंतर ‘ओपन’ आदेशाला ‘टेस्ट-पासफ्रेज’ हा पर्याय जोडून की तपासावी, कारण त्यात डिस्क न उघडता फक्त पडताळणी होते. की ‘सिस्टमडी-क्रिप्टएनरोल’ या साधनाने तयार केलेली असेल, तर तिच्यातील जोडरेषांसह ती टंकावी. स्वतः ठरवलेल्या पासफ्रेजच्या (लांब पासवर्डच्या) बाबतीत मात्र कीबोर्डची मांडणी बदलली असण्याचा संशय आधी घ्यावा.

सर्वांत फसवे कारण की साठवलेल्या फाइलमध्ये दडलेले असते: मजकूर-संपादक शेवटी न दिसणारे नवओळ-चिन्ह जोडतो आणि फाइलमधून की वाचणारा ‘की-फाइल’ पर्याय तेही कीचाच भाग मानतो, त्यामुळे हाताने टंकल्यावर चालणारी की फाइलमधून चालत नाही.

हेडरच खराब झाले असेल, तर अचूक कीदेखील निरुपयोगी ठरते. म्हणून ‘लक्सहेडरबॅकअप’ आदेशाने घेतलेली हेडरची प्रत वेगळ्या माध्यमावर ठेवावी, मात्र रद्द केलेल्या जुन्या की त्या प्रतीत जिवंत राहतात, त्यामुळे की बदलल्यावर नवी प्रत घेऊन जुनी नष्ट करावी.