बडोद्याहून व्हिएतनाम: निघण्याआधी

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच काढा. एकदा प्रवेशाचे शुल्क 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50. मुदत जास्तीत जास्त 90 दिवस. अर्ज फसला तरी पैसे परत मिळत नाहीत. घोळ बहुतेक नावात होतो. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून येतं. अर्जात ते गाळलं की विमानतळावर अडकलात. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या दोन ओळी असतात, त्यातलं नाव अक्षर न् अक्षर उतरवा. फोटो चष्म्याशिवाय.

विमान अहमदाबाद किंवा मुंबईहून धरा. घड्याळ दीड तास पुढे.

एकच हंगाम गृहीत धरू नका. हनोईत जानेवारीत स्वेटर लागतो, त्याच वेळी दक्षिणेकडच्या सायगावात (हो ची मिन्ह सिटी) घामाच्या धारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममधल्या होइ आनकडे पूर येतात, ते महिने टाळाच.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. फाटकी, शाईचा डाग असलेली नोट बरेच जण घेत नाहीत. वीस हजार आणि पाच लाख डाँगच्या (तिथलं चलन) नोटा दोन्ही निळसर, म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवा. रात्री टॅक्सीत गल्लत हमखास होते.

शाकाहाऱ्यांनी ‘आन चाय’ म्हणावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजीत मासळीचा रस येतोच. लिलो चिवडा (बडोद्याचा ओलसर चिवडा) हातातल्या बॅगेत चालेल. लोणच्याची बरणी मात्र चेक-इनमध्येच, घट्ट बांधून.