गोचिडाच्या लाळेवर संशोधन करायचंय?

पशुवैद्यक किंवा जैवतंत्रज्ञान शिकून या विषयात येऊ पाहणारी मुलं मला बहुतेक वेळा विचारतात, "कोणतं प्रथिन घेऊ?" मी सांगते, आधी गोचीड जगतो कसा ते बघा.

डास दोन-चार मिनिटांत रक्त पिऊन उडून जातो. गुरांवरचा गोचीड कित्येक दिवस एकाच जागी तोंड रुतवून बसतो. एवढ्या काळात तिथे सूज यायला हवी, खाज सुटायला हवी, पांढऱ्या पेशी धावून यायला हव्यात. लाळेतली प्रथिनं हे सगळं थोपवून धरतात.

त्यातली मला सर्वांत जवळची वाटतात ती इव्हॅसिन नावाची प्रथिनं. आपल्याकडे कुत्र्यांच्या कानात सापडणारा तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, त्याच्या लाळग्रंथीतून ती पहिल्यांदा ओळखली गेली. पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी बोलावणाऱ्या केमोकाइन रेणूंना ती वाटेतच पकडतात. इव्हॅसिन-१ आणि इव्हॅसिन-३ वेगवेगळ्या गटांतले केमोकाइन धरतात. एकच केमोकाइन किंवा एकच ग्राही (पेशीवरची केमोकाइन पकडणारी जागा) अडवणारी औषधं दाहाच्या आजारांत बरीचशी निराश करून गेली, कारण एक वाट बंद झाली तरी दुसऱ्या उघड्याच असतात. गोचीड एकाच वेळी अनेक वाटा अडवतो. म्हणूनच हा विषय मला इतका मोलाचा वाटतो.

आफ्रिकेतल्या ऑर्निथोडोरस मौबाटा या मऊ गोचिडाच्या लाळेतल्या प्रथिनावरून नोमॅकोपान हे औषध तयार झालं. ते पूरक प्रणालीतला (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीतला) सी-५ घटक आणि दाह वाढवणारा ल्युकोट्राइन बी-४ हा रेणू, दोन्ही बांधतं, आणि रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं. परकं प्रथिन दिलं की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं, ही मोठी अडचण आहे. त्यामुळे इव्हॅसिनचे छोटे तुकडे वापरता येतील का, यावर काम चालू आहे.

आता रोजच्या कामाबद्दल. लाळ हाताशी असते अगदी थोडी. म्हणून लाळग्रंथीच्या आरएनएवरून जनुक शोधायचं आणि प्रथिन ई. कोलाय या जिवाणूत बनवायचं. तिथे एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं विष, सोबत येतं आणि ते एकटंच पेशींना भडकवतं. प्रत्येक बॅचची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजणारी) करा, मगच पेशींना हात लावा. प्रथिन उकळून, ते निकामी झालं असं धरून तुलनेला घेण्याची सवय इथे फसवते: एंडोटॉक्सिन उकळूनही टिकतं आणि डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेली छोटी प्रथिनंही टिकू शकतात. त्यापेक्षा बांधण्याची जागा बिघडवलेलं उत्परिवर्तित प्रथिन त्याच पद्धतीने बनवून शेजारी ठेवा. यात आठवडे जातात, जाऊ द्या.

गोचीड गोळा करायला सिंधुदुर्गात, दोडामार्ग परिसरात जाणार असाल तर गोचिडांमधून पसरणाऱ्या माकडताप या विषाणूजन्य आजाराची माहिती आधी घ्या. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, आणि परत आल्यावर कपडे बाहेरच झटका. चिकटलेला गोचीड नुसत्या हाताने चिरडू नका, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

प्रयोगशाळांना अर्ज करताना 'रोगप्रतिकारशास्त्रात रस आहे' एवढ्यावर थांबू नका. कोणतं प्रथिन स्वतः शुद्ध केलंय, किती मिळालं आणि त्याची शुद्धता कशी तपासली, ते लिहा.