येळ्ळूरच्या माळावरून पहिली काँटेस्ट

सीक्यू वर्ल्डवाइड ही हौशी (हॅम) रेडिओवाल्यांची जगभरातल्या स्टेशनांशी संपर्क साधायची स्पर्धा. तिची व्हॉइस काँटेस्ट, म्हणजे बोलून खेळायची, ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. तुमच्या परवान्यात बँड आणि पॉवर किती, ते आधी बघा. बेळगावजवळच्या येळ्ळूरला राजहंसगडाच्या बाजूचा उघडा माळ उत्तम. जागामालकाला विचारा, वीजतारांपासून लांब राहा. तेव्हा भात उभं असतं, बांधावरूनच चला.

२० मीटर बँडसाठी डायपोलचे, म्हणजे मध्यातून दोन बाजूंना जाणाऱ्या तारेच्या अँटेनाचे, दोन्ही हात ५.२ मीटरचे कापा. मध्य काठीवर चढवा, टोकं डोक्याच्या वर राहतील अशी नायलॉन दोरीने ताणा. दोरीला रंगीत चिंध्या बांधा, नाहीतर गुरं अडकतात. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) १४.२ मेगाहर्ट्झच्या खालीच सर्वांत कमी येत असेल, तर तार लांब आहे. कापू नका, दोन्ही टोकं सारखीच, दोन-दोन सेंटिमीटर मागे दुमडून पिळा आणि पुन्हा मोजा.

१०० वॅटचा सेट बोलताना २० अँपिअरपर्यंत ओढतो. वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं आणि ‘सीक्यू’ (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) म्हणताच सेट बंद पडतो. जाड, आखूड वायर घ्या. पॉवर २० वॅटवर ठेवा.

सुरुवात शनिवारी पहाटे ५:३० ला, पण लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदीत) ००:०० यूटीसी लिहायचं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ. नवख्यांची चूक इथेच होते. समोरच्याला द्यायचा रिपोर्ट ‘फाइव्ह नाइन, टू टू’. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरदार. २२ हा सीक्यूने पाडलेल्या जगाच्या विभागांतला आपला झोन.