विधानसभेच्या उमेदवाराची ऊर्जेविषयीची भूमिका कशी तपासावी

महाराष्ट्रात सौर ऊर्जेला उघड विरोध करणारा उमेदवार शोधूनही सापडणार नाही. सौरपंप, विजेवरची वाहने, हरित ऊर्जा हे शब्द आता सगळेच वापरतात, आणि म्हणूनच ‘तुम्ही स्वच्छ ऊर्जेच्या बाजूचे आहात का?’ असे विचारून मतदाराच्या पदरात काही पडत नाही. उमेदवारांमधला फरक कळतो तो वेगळ्या प्रश्नांवर: कोळशावरच्या जुन्या वीजनिर्मिती संचांचे काय करायचे, नवे उभारायचे की नाही, प्रकल्पांसाठी जमीन कोणाची जाणार, आणि या सगळ्याचा खर्च शेवटी कोणाच्या बिलात येणार. याची उत्तरे सभेतल्या भाषणात क्वचितच मिळतात, पण ती शोधण्याची साधने सामान्य मतदाराच्या आवाक्यात आहेत.

सुरुवात अधिकारांपासून करावी. राज्यघटनेने वीज हा विषय समवर्ती सूचीत ठेवला आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात. कोळसा खाणींचे वाटप, खनिज तेल आणि अणुऊर्जा हे मात्र केंद्राच्या हातात आहे. विधानसभेचा उमेदवार ‘जैतापूरचा अणुप्रकल्प मी रद्द करून दाखवतो’ असे म्हणत असेल, तर तो स्वतःच्या अधिकाराबाहेरचे वचन देत आहे हे ओळखावे. याउलट महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या तिन्ही कंपन्या राज्य सरकारच्या मालकीच्या आहेत, भूसंपादन राज्याचे महसूल खाते करते, पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर राज्य लावते आणि कृषिपंपांच्या विजेचे अनुदानही राज्याच्याच अर्थसंकल्पातून जाते. एवढ्या गोष्टी हातात असताना जो उमेदवार प्रत्येक प्रश्नाला ‘हे दिल्लीचे काम आहे’ असे म्हणतो, त्याने अभ्यास केलेला नाही किंवा त्याला उत्तर द्यायचे नाही.

विजेचे बिल समोर ठेवले की हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. यांपैकी पहिले तीन महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. इंधन समायोजन आकार मुख्यतः इंधनाच्या आणि वीजखरेदीच्या खर्चावर अवलंबून असतो, म्हणजे कोळसा महागला की त्याची झळ आपल्याला याच ओळीतून लागते. घरगुती ग्राहकाला १६ टक्के दराने लागणारे वीज शुल्क हा मात्र सरळ राज्य सरकारचा कर आहे. म्हणून ‘आम्ही वीज स्वस्त करू’ असे कोणी म्हटले, तर बिलाची प्रत पुढे करून ‘यातली नेमकी कोणती ओळ कमी कराल?’ असे विचारावे. आयोग स्वायत्त असला, तरी वीज कायदा २००३ च्या कलम १०८ नुसार लोकहिताच्या धोरणात्मक बाबींवर राज्य सरकार त्याला निर्देश देऊ शकते, आणि कलम ६५ नुसार एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम सरकारने आगाऊ द्यावी लागते. ही दोन कलमे लक्षात ठेवली तर फुकट विजेच्या आश्वासनाला ‘पैसे कोणत्या तरतुदीतून?’ हा योग्य प्रश्न विचारता येतो.

यानंतर उमेदवाराचे कागद पाहावेत. अर्जासोबत नमुना २६ मध्ये दिलेले प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. बहुतेक जण त्यातले गुन्हे आणि एकूण संपत्ती पाहून थांबतात. ऊर्जेच्या दृष्टीने मात्र शेअर आणि रोख्यांची यादी, जमिनींचे तपशील, उत्पन्नाचे स्रोत, सरकारशी असलेली कंत्राटे आणि जोडीदाराच्या नावाचे रकाने अधिक बोलके असतात. कोळसा वाहतूक, राख उचलणे, सौर प्रकल्पांची उभारणी, पेट्रोल पंप यांत कुटुंबाचे हितसंबंध असणे हा दोष नाही. पण ते मतदाराला ठाऊक असले पाहिजेत, म्हणजे त्याच विषयावरचे भाषण ऐकताना त्याचे वजन नीट करता येते.

उमेदवार आधी आमदार राहिलेला असेल, तर विधिमंडळाचे कामकाज हा सर्वांत भरवशाचा पुरावा. तारांकित प्रश्न (ज्यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी सूचना आणि ऊर्जा विभागाच्या मागण्यांवरची चर्चा छापील स्वरूपात नोंदलेली असते. वीज केंद्राच्या सावलीत असलेल्या मतदारसंघाच्या आमदाराने पाच वर्षांत राखेवर एकही प्रश्न विचारला नसेल, तर निवडणुकीच्या पंधरवड्यात त्याला प्रदूषणाविषयी वाटणारी कळकळ मी फारशी मोजत नाही. याला जोडून पर्यावरणविषयक जनसुनावणीचे इतिवृत्त पाहावे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ही सुनावणी घेते आणि तिथे कोण काय बोलले याची नोंद होते. पक्षाच्या मेळाव्यात बोलणे सोपे असते. प्रकल्पग्रस्त आणि रोजगाराच्या आशेने आलेले तरुण एकाच मांडवात बसलेले असताना बाजू घेणे अवघड, आणि म्हणून त्या नोंदीला महत्त्व आहे.

कोळशाच्या प्रश्नावर सर्वांत अधिक वेळ द्यावा असे मला वाटते, कारण संदिग्ध उत्तरे तिथेच मिळतात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि त्यातले काही संच १९८० च्या दशकातले आहेत. नागपूरला लागून असलेल्या कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली आणि नागपूरकरांनी त्याला मोठा विरोध नोंदवला. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तीस ते चाळीस टक्के असते, म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख कुठेतरी ठेवावी लागते. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख शेतांत आणि नदीच्या पाण्यात शिरली. ‘आम्ही पर्यावरणपूरक विकास करू’ हे वाक्य त्या शेतकऱ्याच्या काही उपयोगाचे नाही. उमेदवाराला विचारावे की जुने संच कोणत्या वर्षी बंद करावेत असे त्याचे मत आहे, नव्या संचांना त्याचा पाठिंबा आहे की नाही, गंधक वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याचा आग्रह तो महानिर्मितीकडे धरणार का, आणि संच बंद झाले तर तिथल्या कंत्राटी कामगारांचे पुढे काय. खाणींच्या जिल्ह्यांत आणखी एक प्रश्न जोडावा: जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांच्या पाण्यावर आणि आरोग्यावर खर्च व्हावा, की रस्ते आणि सभागृहांवर? रोजगार जाईल म्हणून संच चालूच ठेवावेत, असे सरळ सांगणारा उमेदवार माझ्या मताचा नसला तरी त्याची भूमिका मला कळते. दोन्ही बाजूंना होकार देणाऱ्याची कळत नाही.

कोकणातल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा इतिहास दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवावा. नाणारसाठीच्या भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने रद्द केली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनी बारसूची जागा सुचवणारे पत्र पंतप्रधानांना पाठवले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा फडणवीस उपमुख्यमंत्री असलेले सरकार प्रकल्पाच्या बाजूने उभे होते आणि ठाकरे यांचा पक्ष आंदोलक ग्रामस्थांच्या बाजूने. म्हणून उमेदवाराचे म्हणणे तारखेनिशी नोंदवावे आणि त्या तारखेला त्याचा पक्ष सत्तेत होता की विरोधात, हेही शेजारी लिहावे. भूमिका बदलणे गैर नाही. बदलाचे कारण त्याने सांगितले आहे का, एवढेच पाहायचे.

ग्रामीण मतदारसंघात प्रश्न बहुतेक शेतीच्या विजेपाशी येतो. मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेखाली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या ४४ लाखांहून अधिक कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज देण्याचा निर्णय झाला आणि त्याचा वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये धरला गेला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये कृषी फिडर, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर प्रकल्पांना जोडून दिवसा वीज द्यायची आहे, तर मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि उमेदवार त्या एकत्र मिसळून बोलतो की वेगळ्या ओळखतो, यावरूनच पुष्कळ कळते. मोफत विजेची मुदत मार्च २०२९ मध्ये संपल्यावर काय, सौर प्रकल्पासाठी गायरान देताना ग्रामसभेचे मत घेणार का, आणि पंपाचा कंट्रोलर बिघडला तर दुरुस्तीची जबाबदारी किती दिवसांत पार पाडून घेणार, हे विचारण्यासारखे आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात आमच्या तालुक्यातल्या एका गावात, पारावर बसलेल्या एका वयस्क बाईंनी उमेदवाराला थांबवले. ‘भाऊ, लाईट रात्री बारा वाजता येते. बिबट्याच्या भीतीनं पोरगं बॅटरी धरून उभं राहतं. आमच्या फिडरवर सौरची लाईन कधी येणार, तेवढं सांगा.’ तो म्हणाला, ‘मावशी, शासन सकारात्मक आहे.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘फिडरचं नाव सांगते, लिहून घ्या.’ उमेदवाराने कार्यकर्त्याकडून पेन घेऊन ते नाव खरोखर लिहून घेतले. प्रश्न कसा विचारावा हे मी त्या दिवशी शिकलो: आपल्या फिडरचे, संचाचे किंवा गट नंबरचे नाव घ्यावे आणि तारीख मागावी.

उत्तर मिळाले की ते त्याच दिवशी वहीत उतरवावे, शक्य असेल तर दोन साक्षीदारांच्या नावांसह, आणि प्रतिस्पर्धी उमेदवारालाही नेमका तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारावा. निवडून आलेल्या आमदाराला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी त्या उत्तराची लेखी आठवण द्यावी. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे ते पत्र दिवाळीच्या आधी त्यांच्या कार्यालयात पोहोचलेले बरे, आणि त्याची पोच मागून घ्यावी.