हाय-फाय लावण्याआधी: केबल, पॅड आणि सगळ्यात आधी वजन

स्पीकरचं वजन करा. केबल, प्लग, स्पीकरखालचे पॅड सगळं नंतर. माहितीपत्रकातलं वजन कधी जोडीचं असतं, कधी खोक्यासकट, म्हणून बाथरूमच्या काट्यावर स्पीकर हातात घेऊन उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. आकडा लिहून ठेवा.

आता ॲम्प्लिफायरपासून (ॲम्प) स्पीकरपर्यंतची केबल. पाच मीटरच्या आत १.५ चौरस मिमी तांबं पुरे; अंतर जास्त असेल किंवा स्पीकर ४ ओमचे असतील तर २.५. पाच मीटरला २.५ च्या तारेचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०८ ओमच्या आसपास भरतो, स्पीकरच्या ८ ओमपुढे तो काहीच नाही. त्यामुळे जरीकाठी वेष्टनावर पैसे उधळू नका, धातू तपासा. एक तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस, आत पांढरी निघाली तर ते मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, परत करा. वरून पांढरी, आत लाल असेल तर कथील चढवलेलं तांबं. गोव्यात मिरामार, कोळव्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात हेच घ्यावं. साधं तांबं तिथे टोकाकडून हिरवं पडत जातं. टोक १० ते १२ मिमी सोला, पीळ द्या, बनाना प्लगमध्ये (टर्मिनलच्या भोकात खुपसायची पिन) आवळा. सोल्डर लावलेलं टोक स्क्रूखाली देऊ नका, कथील दाबाने हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो. एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तर ॲम्प जाऊ शकतो. लाल ते लाल, काळं ते काळं. एकच बाजू उलटी झाली की बास (खालचे, जाड सूर) उडतो आणि गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहत नाही.

आरसीए केबल, म्हणजे इतर यंत्रांतून ॲम्पला सिग्नल नेणारी, आखूड घ्या, विजेच्या वायरपासून लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. स्पीकरमधून गुणगुण आली तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा. अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग आहेत. तसलं काही करू नका.

जमीन काँक्रीटची, वर मोझॅक, तर स्पीकरखाली स्पाइक (टोकदार पाय) आणि त्याखाली चकती. पणजीच्या फोंताइन्हासमधल्या जुन्या माडीसारखी लाकडी जमीन असेल तर स्पाइकने बास थेट फळ्यांत उतरतो. तिथे सॉर्बोथेनचे (कंपनं शोषणारं मऊ, रबरासारखं साहित्य) पॅड. आणि पॅड निवडताना वजन! कमी भार पडला तर पॅड दगडासारखा बसून राहतो, जास्त पडला तर चेपून सपाट होतो. दोन्हीकडे उपयोग शून्य. ९ किलोचा स्पीकर चार पॅडवर म्हणजे प्रत्येक पॅडवर सव्वादोन किलो, हा हिशेबही अर्धवट, कारण वूफरचं (बास वाजवणारा मोठा कोन) चुंबक पुढे असतं. पुढची कड काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून पुढचा भार वेगळा मोजा. पुढे साडेपाच भरले तर पुढच्या प्रत्येक पॅडवर पावणेतीन, मागच्यावर पावणेदोन. पाकिटावरची मर्यादा त्याच्याशी ताडा. २० मिमीचा पॅड २ ते ४ मिमी दबायला हवा. पट्टी लावून पाहा.

पॅड स्टँडखाली ठेवणार असाल तर स्टँडचंही वजन धरा. वाळू भरायची तर आधी भरा, मग मोजा. किनाऱ्यावरची वाळू नको, मिठाने स्टँड गंजतो.

पॅडचा पॉलिशवर तेलकट डाग पडतो, मध्ये पातळ प्लास्टिक घाला. टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) भिंतीवरच्या फळीवर. चवथीच्या वर्दळीत केबल पायात येणार नाही असं बघा. पावसाळ्यानंतर स्क्रू आवळा. वीज कडाडू लागली की प्लग काढा, डिशची आणि इंटरनेटची तारही. नुसतं बटण बंद करून भागत नाही.