साप आणण्याआधी त्याचं घर तापवा

पहिला साप पाळायचं ठरलं की साप शेवटी आणायचा. आधी त्याचं घर आणायचं, ते मांडायचं, तापवायचं आणि निदान आठवडाभर रिकामंच चालू ठेवायचं. मला कुणीही विचारलं तरी मी इथूनच सुरुवात करते. माझ्याकडे आठ वर्षांपासून एक कॉर्न स्नेक, म्हणजे उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप, आहे, मादी, नाव केशर. तिच्या पहिल्या वर्षात मला ज्या अडचणी आल्या, त्यातल्या बहुतेक उष्णतेच्या होत्या.

अंडी उबवणाऱ्या काही अजगरिणी सोडल्या तर साप आपल्यासारखी अंगात ऊब तयार करत नाही. बाहेरून मिळेल तेवढीच त्याची ऊब. ती कमी पडली तर गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजायला लागतो आणि साप तो ओकून टाकतो. जास्त झाली तर साप भाजतो किंवा उष्माघातानं दगावतो. रानात तो उन्हातल्या दगडावरून सावलीतल्या बिळात जातो आणि स्वतःचं गणित स्वतः सांभाळतो. पेटीत ही सोय आपण करून द्यायची असते. म्हणून अख्खी पेटी एकसारखी गरम करायची नाही. एक टोक उबदार, दुसरं गार, आणि मधे हळूहळू उतरत जाणारं तापमान.

कॉर्न स्नेकसाठी उबदार टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस, थेट उष्णतेखालच्या पृष्ठभागावर ३० ते ३२, आणि गार टोकाला २१ ते २४. बॉल पायथनला, म्हणजे आफ्रिकेतल्या छोट्या अजगराला, यापेक्षा जास्त लागतं: उबदार बाजू ३१ ते ३३, गार बाजू २४ ते २७. हे दोन्ही साप नवशिक्याला झेपतात. कोणताही घ्या, पण पाळीव जोडीपासून जन्मलेला घ्या, रानातून पकडलेला नको. तुम्ही राहता तिथला कायदा काय परवानगी देतो तेही आधीच बघा.

पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक सव्वा ते दीड मीटरचा होतो. त्याला १२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच पेटी हवी. पिल्लाला सुरुवातीला याच्या निम्म्या लांबीची चालते. मोठ्या पेटीत सुरुवात केलीत तर ती आडोशांनी, फांद्यांनी, खोट्या पानांनी गच्च भरा, मोकळी जागा पिल्लाला घाबरवते. कुलूप मात्र पहिल्या दिवसापासून. ज्या फटीतून डोकं जातं, त्या फटीतून सगळा साप जातो, आणि कॉर्न स्नेक रात्रभर नाकानं एकेक कड ढकलून बघतो. तारा आत घ्यायच्या भोकाभोवती बोटानं चाचपून बघा.

पेटी खिडकीत ठेवू नका. काचेवर थेट ऊन आलं की आतलं तापमान बघता बघता चढतं, आणि तिथे थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप आवरणारं यंत्र, तोही काही करू शकत नाही, कारण तो हीटर बंद करतो, सूर्य नाही.

आता उष्णता. हीट मॅट म्हणजे चपटी, विजेवर तापणारी गादी. ती पेटीच्या तळाखाली, फक्त एका टोकाला, जास्तीत जास्त एक तृतीयांश भागात लावायची. काचेची पेटी असेल तर तिच्या चार कोपऱ्यांना रबरी पाय लावून खाली हवेला जागा ठेवा, नाहीतर उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते. मॅटच्या वर, पेटीच्या आत अंथरायचा लाकडाचा भुसा पातळच पसरा, एक-दोन सेंटीमीटर. जाड थर पांघरुणासारखा वागतो: वर साप गारठतो आणि खाली काच तापत राहते. मॅट पृष्ठभाग तापवते, हवा फारशी नाही. खोली थंड असेल तर वरून उष्णता देणारा हॅलोजन बल्ब किंवा उजेड न देता तापणारा सिरॅमिक हीटर जास्त उपयोगी. सिरॅमिक हीटरला चिनी मातीचा होल्डर लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो. आत बसवलेल्या कोणत्याही बल्बला जाळीचा पिंजरा हवाच, कारण साप गरम बल्बला वेटोळं घालून बसतो. लाल-निळे रात्रीचे बल्ब घेऊ नका. रात्री त्याला खरा अंधार हवा. विजेवर तापणारे नकली दगड तर पेटीत नकोतच, ते एकेका जागी फार तापतात आणि सापाचं पोट भाजतं.

आणि थर्मोस्टॅट. याच्याशिवाय उष्णतेची एकही वस्तू चालू करायची नाही. मॅटला साधा चालू-बंद करणारा चालतो, उजेड देणाऱ्या बल्बला डिमिंग, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा लागतो, सिरॅमिकला पल्स, म्हणजे वीज छोट्या छोट्या टप्प्यांत देणारा. पण थर्मोस्टॅट घेतला म्हणजे काम झालं, असं मलाही वाटलं होतं. त्याला पेटीतलं काहीच दिसत नाही. त्याच्या तारेच्या टोकाला जो छोटा प्रोब असतो, तो जिथे पडला आहे तिथलं तापमान तेवढं त्याला कळतं.

केशरच्या पहिल्या हिवाळ्यात मी प्रोब आतल्या काचेला चिकटपट्टीनं लावला होता. ती भुशात बिळं करते. एका रात्री तिनं पट्टी उखडली आणि प्रोब सरकून पाण्याच्या भांड्याजवळ, गार टोकाला गेला. थर्मोस्टॅटला २३ अंश दिसत होते, त्यानं मॅट पूर्ण ताकदीनं चालू ठेवली. सकाळी केशर नेहमीच्या उबदार आडोशात नव्हती, भांड्याभोवती घट्ट वेटोळं घालून बसली होती. मी भुसा बाजूला करून इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता पृष्ठभागाचं तापमान मोजणारा) काचेवर रोखला: ४७. तिला हातात घेऊन पोटाचा एकेक खवला टॉर्चच्या उजेडात तपासला. तिला काही झालं नव्हतं, पण माझा हात बराच वेळ थरथरत होता. गार टोक खरोखर गार होतं म्हणून ती वाचली.

तेव्हापासून माझा प्रोब बाहेर, मॅट आणि काच यांच्या मधे पक्का बसवलेला आहे. अशा ठिकाणी प्रोबचा आकडा आणि आतल्या काचेचा आकडा यात फरक पडतो. माझ्याकडे ३३ लावलं की आत ३१ मिळतात. तुमच्याकडे किती, ते मोजूनच ठरवा. बल्ब किंवा सिरॅमिक असेल तर प्रोब आतच लागतो, तो क्लिपनं घट्ट अडकवा. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीच वापरू नका. साप तिला चिकटला तर सोडवताना कातडी निघते. शिवाय दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल थर्मामीटर ठेवा, थर्मोस्टॅटच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे स्वस्त मापक मी वापरत नाही, ते फार चुकतात.

आडोसे दोन हवेत, शक्यतो एकसारखे, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. आत साप बसला की तिन्ही बाजूंनी अंग टेकेल इतके अरुंद. एकच ठेवलात तर त्याला लपणं आणि योग्य ऊब यातलं एक निवडावं लागतं, आणि घाबरलेला साप लपणंच निवडतो, मग तिथे कितीही गारठा असो.

तळाला अस्पेन लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या सोडणाचा चुरा. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा सापाच्या फुप्फुसांना त्रास होतो. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, बॉल पायथनला त्याहून थोडी जास्त. डोळे निळसर-धूसर झाले की तो कात टाकणार आहे, तेव्हा ओलसर शेवाळ भरलेला, भोक पाडलेला एक डबा आत ठेवा.

आता तो रिकामा आठवडा. सकाळी, दुपारी, रात्री दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या तीन पहाटे गार टोक १८ वर गेलेलं दिसतं. वरची जाळी अर्धी झाकल्यावर ते २१ वर आलं. साप आत असता तर हे प्रयोग त्याच्यावर झाले असते. सलग तीन-चार दिवस आकडे जागेवर राहिले की साप आणा.

आल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नका, फक्त पाणी बदला. मग पहिलं खाणं: त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, गोठवून ठेवलेला आणि मग पूर्ण वितळवून कोमट केलेला मेलेला उंदीर. खाल्ल्यावर ४८ तास उचलायचं नाही. उंदीर ओकून टाकला तर दहा ते चौदा दिवस काही देऊ नका आणि आधी तापमान मोजा. सतत गार टोकाला किंवा पाण्यात बसून राहिला तरी आधी तापमानच मोजा, पाण्यात बसणाऱ्याच्या खवल्यांमधे गोचिडीसारखे बारीक काळे ठिपकेही शोधा, ते रक्त पिणारे किडे असतात. तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकातोंडाशी बुडबुडे दिसत असतील, तर सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य त्याच दिवशी गाठा. तो कोण आणि कुठे, हे साप येण्याआधी शोधून ठेवलेलं बरं.

वीज गेली तर घाबरू नका. निरोगी कॉर्न स्नेक काही तासांचा गारवा सोसतो. पेटीला हवेच्या जागा सोडून ब्लँकेट गुंडाळा. जास्त वेळ लागणार असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात बांधून पेटीच्या बाहेरून एका टोकाला टेकवा, आणि ऊब परत येईपर्यंत खायला देऊ नका.